पेसमेकरची लीड बदलल्यानंतरचे पश्चात्कर्म व उपद्रव

हृदयगती मंदावलेल्या रुग्णांत पेसमेकर बसविणे आता नित्याचे झाले आहे. धाराशिव जिल्ह्यातील असे रुग्ण शस्त्रकर्मासाठी सोलापूर, लातूर किंवा पुण्यास जातात व काही दिवसांतच परंडा, भूम, कळंब, लोहारा अशा तालुक्यांतील आपल्या गावी परततात. पुढे ताप आला, जखम सुजली वा चक्कर आली, तर ते प्रथम गावातील वैद्यांकडे किंवा औषधी दुकानात येतात. म्हणूनच हा विषय आपणा सर्वांस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

लीड का बदलावी लागते?

अक्षकास्थीच्या खाली त्वचेआड यंत्र असते व त्यातून निघालेली तार, म्हणजे लीड, शिरेतून हृदयापर्यंत जाते. बॅटरी संपल्यास केवळ यंत्र बदलता येते. परंतु अक्षकास्थी व पहिली बरगडी यांमध्ये दबून लीड तुटणे, तिचे आवरण झिजणे, टोक सरकणे किंवा जंतुसंसर्ग होणे या कारणांनी लीडच बदलावी लागते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविला गेला. तो काही तासच चालला. पुढे २० हून अधिक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

जुनी लीड काही वेळा टोक झाकून आतच ठेवतात. काढावयाची झाल्यास ती शिरेस व हृदयभित्तीस चिकटलेली असल्याने मोठ्या रक्तस्रावाचा धोका असतो. तसेच पहिल्या शस्त्रकर्मापेक्षा पुनःशस्त्रकर्मात जंतुसंसर्गाची शक्यता अधिक असते.

पश्चात्कर्म

१) जखम पूर्ण भरेपर्यंत कोरडी ठेवावी. तीवर तेल, लेप, हळद वा भस्म लावू नये.

२) साधारण ४ ते ६ आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर उचलू नये. घागर, धान्याचे पोते, पाठीवरचा फवारणी पंप वर्ज्य. पंपाचा पट्टा नेमका यंत्रावरच येतो, हे शेतकरी रुग्णास आवर्जून सांगावे.

३) मात्र हात गळ्यात बांधून ठेवू नये, खांदा आखडतो. खांद्याच्या खाली हाताची हालचाल चालू ठेवावी. चालण्यास हरकत नसते.

४) नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. डिस्चार्ज कार्डावर नोंदलेल्या किमान गतीपेक्षा ती कमी भरत असेल व चक्कर किंवा मूर्च्छा असेल, तर लीड सरकल्याची शंका घ्यावी. सतत उचकी लागणे किंवा छातीचे स्नायू फडफडणे हीही तशीच सूचक लक्षणे होत.

उपद्रव

पहिल्या काही दिवसांत श्वास लागणे व छातीत दुखणे हे फुप्फुसाभोवती हवा साचल्याचे, तर रक्तदाब उतरून रुग्ण गळून जाणे हे हृदयाभोवती रक्त साचल्याचे लक्षण असू शकते. दोन्ही आत्ययिक अवस्था होत. हात सुजून शिरा फुगल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. यंत्राच्या जागी रक्त साचून सूज आल्यास सुईने ते काढू नये. सुईवाटे जंतू आत जातात.

सर्वांत फसवा उपद्रव जंतुसंसर्गाचा. तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही प्रकट होतो. त्वचा लाल होणे, पातळ होऊन यंत्र दिसू लागणे, स्राव येणे अथवा केवळ कारण न सापडणारा ताप, ही त्याची रूपे आहेत.

येथे शल्यतंत्राचा विचार उपयुक्त ठरतो. सुश्रुतांनी आम, पच्यमान व पक्व शोफांचे ज्ञान स्वतंत्र अध्यायात सांगितले असून पक्व शोफाचे भेदन आपणास परिचित आहे. परंतु या शोफाच्या तळाशी शल्य आहे आणि त्या शल्याचे दुसरे टोक हृदय या सद्यःप्राणहर मर्मात आहे. त्यामुळे येथे भेदन करू नये; विचार प्रनष्टशल्याचा करावा. शल्य आत असेपर्यंत व्रण वरून भरला तरी संसर्ग जात नाही. आधुनिक शास्त्राचाही निर्णय हाच आहे : केवळ प्रतिजैविकांनी भागत नाही, यंत्र व लीड दोन्ही काढावी लागतात.

औषधयोजनेत सावधानता

अशा रुग्णास ताप आल्यास रक्ताचे कल्चर घेण्यापूर्वी प्रतिजैविक देऊ नये. जंतू ओळखणे कठीण होते व निदान लांबते. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारख्या वत्सनाभयुक्त कल्पांनी हृदयगती बिघडू शकते. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते; तीव्र विरेचनानेही तेच घडते. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास गुग्गुळकल्प व लशुनकल्प तज्ज्ञांना विचारूनच द्यावेत. यंत्राच्या जागी अभ्यंग, स्वेदन, अग्निकर्म वा विद्युत्‌शेक करू नये.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती की, तापाची गोळी मागणाऱ्या ग्राहकास 'छातीत यंत्र आहे का?' एवढे अवश्य विचारावे. उत्तर 'होय' असल्यास गोळीपूर्वी वैद्यांकडे, आणि वैद्यांनी त्याच दिवशी शस्त्रकर्म झालेल्या रुग्णालयाकडे पाठविणे, हीच खरी चिकित्सा होय.