रेशीम अळीचा अदृश्य शत्रू

तुतीची लागवड करून रेशीम कीटकांचे संगोपन करणे हा शेतीला पूरक असा उद्योग आहे. कर्नाटकात त्याने फार पूर्वीच मूळ धरले असून मध्य प्रदेश, तेलंगण व महाराष्ट्र या राज्यांतही अनेक शेतकरी कुटुंबे त्याच्या आधारावर चार पैसे मिळवितात. अंड्यातून बाहेर पडलेली अळी सुमारे २५ ते २८ दिवसांत कोष विणू लागते. या अवधीत ती चार वेळा कात टाकते आणि घरातील लहानथोर माणसे तिला वेळच्या वेळी पाला घालण्यात गुंतलेली असतात. एवढे करूनही कधी कधी विपरीत घडते. एकाच वेळी जन्मलेल्या अळ्या लहानमोठ्या दिसू लागतात. काही वेळेवर कात टाकीत नाहीत, काहींच्या अंगावर काळसर ठिपके उमटतात, अनेक मरतात आणि उरलेल्यांचे कोष हलके भरतात. पाला उत्तम होता, हवामान अनुकूल होते, मेहनतीतही कसूर नव्हती. मग दोष कोणाचा? अशा वेळी या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अळीच्या जन्मापूर्वीच, तिच्या मातेच्या पोटात दडलेले असते.

या रोगाचे नाव पेब्रिन. तो ज्या सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो त्याचे शास्त्रीय नाव नोसेमा बॉम्बिसिस असे आहे. हा जीव कसा जगतो, कसा वाढतो आणि इतका उग्र का होतो, हे समजून घेतले म्हणजे रोगमुक्त अंडीपुंजांचा आग्रह का धरला जातो, हेही सहज उमगते.

फ्रान्समधील संकट

दक्षिण फ्रान्समधील लोकभाषेत मिरीला जो शब्द आहे, त्यावरून पेब्रिन हे नाव पडले. कारण रोगी अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाने तेथे हाहाकार उडविला. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २ कोटी ६० लाख किलोग्रॅम कोष निघाले होते. १८६५ साली ते उत्पादन जेमतेम ४० लाख किलोग्रॅमवर आले. रेशमावर जगणारी गावेच्या गावे हवालदिल झाली.

रोगी अळीच्या शरीरात आढळणाऱ्या सूक्ष्म कणांना कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाने १८५७ साली नोसेमा बॉम्बिसिस हे नाव दिले होते. तथापि हे कण रोगाचे कारण आहेत की परिणाम, याविषयी एकमत नव्हते. १८६५ साली लुई पाश्चर यांच्याकडे या रोगाच्या अभ्यासाचे काम आले, तेव्हा त्यांना रेशीम कीटकांची काहीच माहिती नव्हती. आरंभी त्यांनाही हे कण म्हणजे परोपजीवी आहेत असे वाटले नाही. परंतु आलेस या गावी राहून त्यांनी अनेक हंगाम प्रयोग केले आणि अखेर सत्य त्यांच्या हाती आले.

कणांचे स्वरूप पुरते उलगडण्यापूर्वीच पाश्चर यांनी व्यवहारातला मार्ग शोधून काढला होता. प्रत्येक मादी पतंगाला वेगळे ठेवून तिची अंडी वेगळी घ्यावयाची. नंतर ती मादी खलात कुटून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. कण दिसले तर तिची अंडी नष्ट करावयाची. १८६६ साली त्यांनी अंड्यांच्या १४ समूहांचे पतंग अशा रीतीने तपासले, प्रत्येक समूहाचे पुढे काय होईल हे लिहून ठेवले आणि ते पत्र मोहोरबंद करून एका गावाच्या नगराध्यक्षांकडे सोपविले. पुढील हंगामानंतर ते उघडण्यात आले, तेव्हा १४ पैकी १२ समूहांबाबतचे भाकीत खरे ठरले होते. आज आपल्याकडील बीजकोठ्यांत होणारी माता-पतंगाची तपासणी ही याच पद्धतीची वंशज आहे.

बीजाणूची रचना

नोसेमा ज्या गटात मोडतो त्याला मायक्रोस्पोरिडिया म्हणतात. पूर्वी या गटाची गणना आदिजीवांत होत असे. आता त्याचे नाते बुरशीशी जोडले जाते. त्याचा बीजाणू लंबगोल असून लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढीच असते. त्याला जाड कवच असते आणि आत एक अतिसूक्ष्म नळी दोराच्या गुंडीप्रमाणे गुंडाळलेली असते.

अळीने बीजाणूंनी दूषित झालेला पाला खाल्ला की ते तिच्या आतड्यात पोहोचतात. तेथील रसाचा स्पर्श होताच आतील नळी क्षणार्धात बाहेर फेकली जाते, अळीच्या पेशीला भोसकते आणि बीजाणूतील जीवद्रव्य त्या नळीतून थेट पेशीत शिरते. वैद्याने सुई टोचून औषध शरीरात घालावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे औषधाच्या जागी शत्रू आत जातो. पेशीत शिरलेला जीव विभाजनाने वाढतो, पुन्हा असंख्य बीजाणू तयार होतात आणि रोग आतड्यापासून स्नायू, मेदपिंड, रेशीमग्रंथी आणि अंडाशयापर्यंत पसरतो.

उसनवारीचा संसार

सजीवाच्या सर्व आनुवंशिक माहितीच्या साठ्याला जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. ही माहिती डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली असते. मनुष्याच्या जनुकसंचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. याच गटातील, सशांत व इतर सस्तन प्राण्यांत आढळणाऱ्या एका जातीचा जनुकसंच २००१ साली वाचण्यात आला, तेव्हा त्यात अवघी सुमारे २९ लाख अक्षरे आणि सुमारे दोन हजार जनुके आढळली. अनेक साध्या जिवाणूंचा जनुकसंचही याहून मोठा असतो.

याचे कारण या जीवांच्या राहणीत आहे. दुसऱ्याच्या घरी कायमचा बिऱ्हाड करणारा माणूस स्वतःची चूल, जाते व पाटा बाळगीत नाही. त्याचप्रमाणे या परोपजीवींनी शक्ती निर्माण करणारी स्वतःची यंत्रणा बहुतांशी टाकून दिली आहे. ते आश्रयदात्या पेशीने तयार केलेली शक्ती आयती उचलतात. म्हणूनच जिवंत पेशीबाहेर त्यांची वाढ होत नाही. बाहेर ते केवळ बीजाणूच्या रूपाने वाट पाहत पडून राहतात.

मात्र सर्वांचाच जनुकसंच असा आटोपशीर नसतो. मधमाश्यांना ग्रासणाऱ्या नोसेमा सेराने या जातीत सुमारे ७९ लाख अक्षरे आढळली, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार रेशीम अळीच्या नोसेमात ती दीड कोटीहून अधिक आहेत. डासांना होणाऱ्या दोन परोपजीवींची तुलना २०१५ साली करण्यात आली. त्यांपैकी एकाचा जनुकसंच सुमारे ६० लाख अक्षरांचा, तर दुसऱ्याचा ५ कोटींहून अधिक अक्षरांचा निघाला. हा फुगवटा उपयुक्त माहितीचा नसून मुख्यतः स्वतःच्याच नकला करीत सुटणाऱ्या निरुपयोगी तुकड्यांचा असतो.

असे का व्हावे? याचा संबंध परोपजीवीच्या प्रवासाच्या वाटेशी असावा, असे एक मत आहे. मातेकडून अंड्यात जाताना फार थोडेच परोपजीवी पलीकडे पोहोचतात. कोठारभर धान्यातून दरवर्षी न निवडता मूठभरच दाणे बियाण्यासाठी उचलले, तर चांगल्यावाइटाची पारख होत नाही. नशिबाने हाती आले तेच पुढे चालते. तसेच येथे घडते. निवड सैल पडते आणि निरुपयोगी भर पिढ्यान्‌पिढ्या साचत राहते.

दोन वाटा आणि रोगाची उग्रता

परोपजीवी एका कीटकाकडून दुसऱ्याकडे दोन वाटांनी जातो. पहिली वाट आडवी : रोगी कीटकाची विष्ठा, मृत शरीर व दूषित पाला यांतून शेजाऱ्याकडे. दुसरी वाट उभी : मातेकडून अंड्यावाटे संततीकडे.

जुना रोग हळूहळू सौम्य होतो, असा समज एके काळी रूढ होता. रॉय अँडरसन व रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखवून दिले की, तसा काही नियम नाही. रोग किती उग्र राहील हे तो कसा पसरतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. ज्याला केवळ अंड्यावाटे पुढे जावयाचे आहे, त्याला माता जगणे व तिने अंडी घालणे आवश्यक असते. तिला मारून तो स्वतःचीच वाट बंद करतो. उलट जो आडव्या वाटेने पसरतो, त्याला जितके अधिक बीजाणू तितका लाभ अधिक. मग आश्रयदाता मेला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

अँब्लिओस्पोरा नावाच्या डासांच्या परोपजीवीत हे स्पष्ट दिसते. त्याच्या अनेक जातींत अंड्यावाटे रोग मिळालेल्या मादी अळ्या जगतात, डास होतात आणि रोग पुढील पिढीला देतात. नर अळ्या मात्र बीजाणूंनी भरून मरतात, कारण नराकडून अंड्यांची वाट मिळत नाही. नरांच्या शरीरात अर्धसूत्री विभाजन होऊन तयार झालेले बीजाणू पाण्यात मिसळतात, एका सूक्ष्म जलचर प्राण्यात शिरतात आणि तेथे तयार झालेले नवे बीजाणू पुन्हा डासांच्या अळ्यांकडे येतात. एकच जीव, परंतु एका घरी सौम्य आणि दुसऱ्या घरी मारक.

रेशीम अळीचा नोसेमा दोन्ही वाटा वापरतो, हीच त्याच्याबाबतची खरी अडचण आहे. अंड्यातूनच रोग घेऊन आलेल्या अळ्या बहुधा कोष विणण्यापूर्वी मरतात. परंतु मरेपर्यंत त्यांच्या विष्ठेतून बीजाणू सर्वत्र पसरलेले असतात. शेवटच्या अवस्थेत ज्यांना लागण होते त्या अळ्या धडधाकट दिसतात, कोष विणतात, पतंग होतात आणि रोगी अंडी घालतात. म्हणजे चांगला कोष हा निरोगी बियाण्याचा पुरावा नव्हे. शिवाय संगोपनगृहातील रॅकवर हजारो अळ्या दाटीने वाढतात. तेथे शेजारी गाठण्यास वेळ लागत नाही, म्हणून उग्रतेला आवर घालणारे कारणही उरत नाही.

दोन्ही वाटा कशा बंद कराव्यात

एक मादी सुमारे ४०० ते ५०० अंडी घालते. १०० अंडीपुंज घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी ४० ते ५० हजार अळ्या येतात. त्यांत एकच पुंज रोगी असला तरी शेकडो रोगी अळ्या पहिल्या दिवसापासून इतरांत मिसळतात. लागण झालेल्या अळीस बरे करील असा, व्यवहारात उपयोगी पडणारा खात्रीचा उपचार नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपाय ठरतो.

उभी वाट बंद करण्याचे काम बीजकोठीतील सूक्ष्मदर्शक करतो. अंडी घालून झाल्यावर माता-पतंग पोटॅशियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात कुटून, सुमारे सहाशे पट मोठे दाखविणाऱ्या यंत्राखाली तपासतात. चकचकीत लंबगोल बीजाणू दिसल्यास अंडी नष्ट केली जातात. मूळ बियाणे तयार करताना प्रत्येक मातेची तपासणी आवश्यक असते; व्यावसायिक अंडीपुंजांसाठी ठरावीक प्रमाणात नमुने घेतले जातात. २००६ साली केंद्रीय रेशीम मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन रेशीम बियाण्याच्या उत्पादनास नोंदणीचे व दर्जाचे बंधन आले, त्यामागील एक हेतू हाच आहे. घरच्या कोषांतून काढलेली किंवा अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेली अंडी या चाळणीतून गेलेली नसतात.

आडवी वाट बंद करणे शेतकऱ्याच्या हाती आहे. प्रत्येक पिकापूर्वी व पिकानंतर संगोपनगृह, रॅक व चंद्रिका धुऊन, २ टक्के ब्लीचिंग पावडर व ०.३ टक्के विरलेला चुना यांच्या द्रावणाने निर्जंतुक कराव्यात. मागे राहिलेल्या, आकाराने लहान अळ्या वेचून चुन्यात किंवा निर्जंतुक द्रावणात टाकाव्यात. त्या अंगणात अथवा तुतीच्या शेतात फेकू नयेत. अळ्यांची विष्ठा व उरलेला पाला संगोपनगृहाजवळ साठवू नये. तुतीवरील इतर किडींचाही बंदोबस्त ठेवावा, कारण अशाच प्रकारचे परोपजीवी त्यांच्या अंगातही असू शकतात. अळ्या लहानमोठ्या दिसू लागताच काही अळ्या तपासणीसाठी नजीकच्या रेशीम कार्यालयात न्याव्यात. संशय खरा ठरला तर ते पीक वाचणार नाही कदाचित. पण पुढचे पीक आणि शेजाऱ्याचे पीक वाचेल.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तेथे शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा. डोळ्यांना न दिसणारा एक कण वर्षाचे उत्पन्न हिरावून घेतो आणि एक भिंग ते वाचवू शकते, ही गोष्ट रेशीम उत्पादकाच्या घरातील मुलास पुस्तकातील अनेक धड्यांहून अधिक जवळची वाटेल. उद्या अंडीपुंज आणण्यास तेच मूल वडिलांबरोबर जाईल, तेव्हा ते पुंज तपासलेले आहेत का, हा प्रश्न त्याच्या तोंडून आधी निघावा.