पवनचक्कीचे संगणकीय जुळे

सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा गदग जिल्ह्यातील डोंगरांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांपैकी कित्येकांचे मालक वीजधंद्यातले नव्हेत. घसाऱ्याची करसवलत पाहून इतर धंद्यांतील मंडळींनी त्यांत भांडवल घातले. अशा मालकास महिनाअखेर युनिटांचा आकडा कळतो. तो उतरला की उत्तर ठरलेले : यंदा वारे कमी होते. हे उत्तर पेढीवर बसून पडताळावे कसे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतो.

डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकीय जुळे, ही कल्पना अमेरिकेत मायकेल ग्रीव्ह्ज यांनी 2002 साली मांडली. चक्कीवरील मापके वाऱ्याचा वेग व दिशा, पात्यांचा कोन, तापमान आणि वीज यांची बहुधा दर 10 मिनिटांची सरासरी नोंदवितात. त्या वाऱ्यात निरोगी यंत्राने किती वीज द्यावयास हवी होती, ते जुळे गणिताने काढते. रोजमेळ आणि गल्ला ताडून पाहणाऱ्यास तुटीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

वाऱ्याचा हिशेब मात्र साध्या त्रैराशिकाचा नव्हे. त्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग सेकंदास 8 मीटरांवरून 6 वर आला, तर शक्ती सुमारे 42 टक्केच उरते. म्हणूनच वाऱ्याच्या नावावर काहीही खपते! शिवाय समुद्रसपाटीहून 1000 मीटर उंचीवर हवा सुमारे 9 टक्के विरळ असते; ती वजावट धरली नाही, तर निर्दोष यंत्रावर आळ येतो.

दुसरा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. समजा, गियरबॉक्सच्या बेअरिंगची धोक्याची मर्यादा 80 अंश आहे. थंडीच्या पहाटे, हलक्या भारावर, ते 50 अंशांवर असावयास हवे, पण 60 दाखविते. मर्यादा ओलांडलेली नाही, म्हणून घंटा वाजत नाही. जुळ्यास मात्र हा फरक दिसतो; तो रोज दिसू लागला की वंगण तपासण्यास अवधी मिळतो. एरवी बेअरिंग तुटून दंतचक्रे गेली, म्हणजे डोंगरावर क्रेन चढविण्याचा खर्च आणि हंगामात बंद पडलेली चक्की, दोन्ही पदरी येतात.

जुळ्याचाही तराजू तपासावा लागतो. वेगमापक बहुधा पात्यांच्या मागे असतो. त्यास ढवळलेला वारा लागतो.

देखभालीच्या करारात हमी पुष्कळदा यंत्र किती वेळ सज्ज होते याची असते, विजेची नव्हे. पात्यांचा कोन चुकलेली चक्कीही सज्जच ठरते, आणि तूट कोणाच्याच खाती पडत नाही. करार नवा करतेवेळी 10 मिनिटांच्या मूळ नोंदी मालकास मिळाव्यात, हे कलम आधी मागावे.