गहू सोडण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस,


परवा तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, "सोनूनं पोळी बंद केलीय, आता बघू पोट काय म्हणतं." तेव्हाच तुला फोन करणार होते. पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, आणि हे तुला डॉक्टरांकडे जाताना जवळ ठेवता यावं, म्हणून लिहिते. आधी महत्त्वाचं: तपासणी होईपर्यंत गहू सोडू नकोस. सोडला असशील तर कोणत्या तारखेपासून, ते लिहून ठेव आणि डॉक्टरांना स्वतःहून सांग.

ज्यानं पोट दुखतं तेच मावशी खायला का सांगते, असं तुला वाटेल. तुला ज्या आजाराची शंका आहे त्याचं नाव सिलियाक. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो तो त्याचाच. सिलियाक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षणव्यवस्था हे प्रथिन आलं की बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत मखमलीसारखं अस्तर असतं, त्यातूनच अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगात जातात. ते अस्तर झिजून सपाट होतं. मग कितीही खा, अंगी लागत नाही. आता हे लक्षात घे, की रक्तात जी प्रतिद्रव्यं शोधायची आणि दुर्बिणीतून जी झीज बघायची, ती दोन्ही पोटात गहू जात असेल तोवरच स्पष्ट दिसतात. गहू बंद केला की प्रतिद्रव्यं कमी होत जातात, अस्तर भरून यायला लागतं. मग आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. तुला थोडं बरं वाटेल, पण हा जन्मभराचा आजार आहे की चार महिन्यांचं पथ्य, ते कोणी सांगू शकणार नाही. पुढे तपासणी करायचीच ठरली तर पुन्हा काही आठवडे रोज एकदोन पोळ्या खाव्या लागतात, आणि मधल्या काळात बरं वाटलेल्या माणसाला ते फार जड जातं.

तू बारावीला असल्यापासून पोट धरून बसतेस. जेवणानंतर पोट टम्म फुगतं, महिन्यातून एकदोनदा जुलाब लागतात, तोंड येतं, वजन वाढत नाही. आणि मला सगळ्यात खटकतं ते हिमोग्लोबिन. इतक्या लोहाच्या गोळ्या खाऊन ते नऊच्या वर सरकत नाही. नोकरीत असताना मी अशा मुली पाहिल्या आहेत. पाळीमुळे रक्त कमी असेल म्हणून त्यांना वर्षानुवर्षं त्याच गोळ्या मिळतात. गोळी पोटात जाते, पण आतडं ती घेत नाही. हे वाक्य डॉक्टरांसमोर जसंच्या तसं सांग: "लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही." नुसतं 'गॅसेस होतात' म्हणालीस तर गॅसची गोळी मिळेल.

शौचाबद्दल सांगताना लाजू नकोस. पातळ होतं की बांधलेलं, तेलकट असतं का, पाण्यावर तरंगतं का, भांड्याला चिकटून राहतं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का, हे सगळं डॉक्टरांच्या कामाचं आहे. एक साधी वही कर आणि दोन आठवडे काय खाल्लं, कधी त्रास झाला ते लिही. जुने कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत घाल. आईला सोबत ने, पण बोलायचं तू.

रक्ताची तपासणी मागायची ती टीटीजी आयजीए, आणि तिच्याबरोबरच एकूण आयजीए. दुसरी विसरू नकोस. काही लोकांच्या रक्तात आयजीए हे प्रतिद्रव्य मुळातच कमी असतं, त्यांची पहिली तपासणी खोटीच नॉर्मल येते. तुमच्या जिंतूरला नमुना घेतात आणि मोठ्या लॅबला पाठवतात, त्यामुळे त्यासाठी इकडे यायची गरज नाही. आकडा वाढलेला निघाला तर पुढची पायरी दुर्बिणीची. सोय इथे खासगीत आहे आणि सरकारी घाटी रुग्णालयातही. दुर्बिणीचं नाव ऐकून आई घाबरली, तू घाबरू नकोस. रात्रीपासून उपाशी राहायचं, घशात बधिर करायचा फवारा मारतात, नळी आत जाताना थोडं उबळल्यासारखं होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे काढतात, ते काढताना दुखत नाही. आतडं वरून ठीक दिसलं तरी तुकडे घ्याच, असं आधीच विनवून ठेव. झीज कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

जनुकांची एक तपासणीही आहे. ती गहू सोडलेला असतानाही करता येते. ती नकारार्थी आली तर सिलियाक जवळजवळ नाहीच. होकारार्थी आली तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, कारण ती जनुकं असलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात. आणि 'दीडशे पदार्थांची ॲलर्जी रक्तातून ओळखा' अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावातही येतात. त्यांत आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. ती वस्तू तुम्ही खाल्लेली आहे एवढंच त्यातून कळतं. त्यावर एक पैसा घालवू नकोस.

सिलियाक निघेलच असं मी म्हणत नाही. भाकरी खाल्ली की बरं, पोळी खाल्ली की फुगतं, हे तुझं निरीक्षण खरं असेल, पण त्याची कारणं वेगळीही असू शकतात. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते, ती काहींच्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. कांदा-लसणातही तीच असते, म्हणून कांद्यानंतरही तसंच होतं का ते वहीत बघ. दूध न पचणं आपल्या देशात फार लोकांना असतं. दूषित पाण्यातून जिआर्डिया नावाच्या परजीवीचा संसर्ग होतो, त्यासाठी वेगवेगळ्या दिवशी शौचाचे नमुने तपासावे लागतात. आतड्याचा क्षयही असतो, आणि आपल्याकडे तो डोक्यात ठेवावाच लागतो. संध्याकाळी बारीक ताप, बेंबीखाली उजवीकडे दुखणं, झपाट्यानं वजन उतरणं किंवा शौचातून रक्त, यातलं काही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठ. म्हणून सांगते, स्वतःच निदान ठरवून पथ्य सुरू केलं की खरा आजार मागे लपून राहतो.

इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं आई विचारत होती. देशातल्या तीन भागांत झालेला एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. उत्तरेत सिलियाकचं प्रमाण 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 निघालं. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला पंचवीस. आपला परभणी जिल्हा तर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीचा. तुझ्या आजीच्या लहानपणी पोळी सणालाच व्हायची. आता रेशनच्या गव्हानं आणि बिस्किट-पावानं ताट बदललं आहे, पण हा आजार पंजाब-हरियाणाचा, असं अजून पुष्कळांच्या मनात असतं. डॉक्टरांनी नाव काढलं नाही तर तू काढ. 'सिलियाकची तपासणी करून घेऊ का?' असं नम्रपणे विचारल्यावर कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आईचं दुसरं भय मला तिच्या आवाजातून कळलं. आजाराचं नाव लागलं तर स्थळं येणार नाहीत, म्हणून 'गुपचूप पोळी सोडून बघू'. सोनू, यात तू तिला सांभाळून घे, पण ऐकू नकोस. उपचार न झालेल्या सिलियाकमध्ये रक्त कमी राहतं, हाडं ठिसूळ होतात, दिवस राहायला त्रास होऊ शकतो. आजार कळल्यावर लागणारा उपचार म्हणजे फक्त जेवण, आणि ते नीट पाळलं तर बाई इतरांसारखीच निरोगी राहते. जे घर हे समजून घेणार नाही, त्या घरात तुला वेगळं पीठ कोण दळू देणार? आधीच सांगितलेलं बरं. आणि सिलियाक निघालाच, तर तुझ्या भावाची आणि आईबाबांचीही रक्ततपासणी व्हायला हवी. सख्ख्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना तो सापडतो, कित्येकदा काही त्रास नसताना.

हे पथ्य किती जुनं आहे माहीत आहे? हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाची शंका होतीच. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेना, लोक उपासमारीनं मरत होते, आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारत गेली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. 1950 मध्ये त्यांनी प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. तोवर हा आजार असलेली कितीतरी लेकरं कारण न कळताच गेली होती.

आपल्याकडे हे पथ्य अवघड नाही, फक्त काटेकोर हवं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा सगळं चालतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर 2018 मध्ये परभणी शक्ती नावाचा ज्वारीचा वाण दिला, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मिळाला तर बाबांना पेरायला सांग. पण ज्वारी दळायची कुठे? गिरणीत आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात, पाळ्यांत आणि पिठाच्या पिशवीत ते राहतंच, भिंतीवरही पांढरा थर असतो. त्यावर तुझी ज्वारी टाकली की सगळं व्यर्थ. घरघंटी घ्या, नाहीतर आजीचं जातं खाली काढा. थालीपिठाच्या भाजणीत आणि धपाट्यात गहू असतो, कुरडया तर गव्हाच्याच. आणि हिंग! डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणून घटक वाचूनच घे. विकतच्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं असेल तर आपल्या कायद्याप्रमाणे किलोला 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन नसावं लागतं.

पण हे सगळं निदानानंतर. आत्ता नेहमीसारखं जेव, पोळीसकट, आणि याच आठवड्यात रक्त देऊन ये. अहवाल आला की सगळ्या पानांचा फोटो मला पाठव. नुसता आकडा लिहू नकोस, कारण प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते आणि ती बाजूच्या रकान्यात छापलेली असते. दुर्बिणीची वेळ आली तर आदल्या संध्याकाळच्या एसटीनं इकडे ये, आईला घेऊन.

तुझी,
मावशी