नळाचे पाणी : टाकीत शुद्ध, घरात दूषित

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस सरले की तालुक्याच्या गावांतील दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. पुढे महिना-दीड महिन्याने काविळीचे रुग्ण येतात. मग लोक नगरपालिकेकडे बोट दाखवतात आणि नगरपालिका जलशुद्धीकरण केंद्राचा अहवाल पुढे करते. अहवालात पाणी ‘पिण्यास योग्य’ असते. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध असते आणि घरच्या नळाला आलेले पाणी दूषित असते. मधल्या दोन-चार किलोमीटरांच्या प्रवासात पाण्याचे काय होते, हे आज आपण पाहू.

केंद्रातील काम तसे सरळ आहे. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात तुरटी मिसळून गाळ खाली बसवतात, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरिन देऊन ते उंच टाकीत चढवतात. हे नीट झाले तर पटकी, विषमज्वर, हगवण यांचे बहुतेक जंतू तेथेच संपतात.

खरी गोष्ट टाकीची चावी सोडल्यानंतर सुरू होते. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला दिवसातून तासभर पाणी येते, उन्हाळ्यात तर दोन-तीन दिवसांआड. पाणी चालू असते तेव्हा जलवाहिनीत दाब असतो. त्या वेळी एखादा सांधा गळका असला तर पाणी बाहेर उडते, रस्ता ओला होतो, आणि आपण ‘पाणी वाया चालले’ म्हणून हळहळतो. पण चावी बंद झाली की वाहिनीतले उरलेसुरले पाणी उताराकडच्या घरांत निघून जाते आणि नळी आतून पोकळ होते. आता तोच गळका सांधा उलटे काम करतो. बाहेर जे साचलेले असेल ते तो आत ओढून घेतो. बाहेर काय असते? घराकडे जाणारी अर्ध्या इंची लोखंडी नळी बहुतेक ठिकाणी उघड्या गटारातून किंवा गटाराला लागूनच गेलेली असते. दहा-पंधरा वर्षांत ती गंजते, चाळणी होते. गटाराचे पाणी रात्रभर तिच्यात झिरपत राहते आणि सकाळी चावी सोडली की ते सर्वांत आधी आपल्या हंड्यात येते.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या नगरपालिकेने नव्हे, आपणच केलेल्या आहेत. पाण्याला जोर नाही म्हणून अंगणात दोन-तीन फूट खड्डा करून नळ खाली घेतलेला असतो. त्याला तोटी नसते. पाणी गेल्यावर त्या खड्ड्यात सांडलेले, भांडी धुतलेले, पोरांनी पाय धुतलेले पाणी साचते आणि नळाचे तोंड त्यात बुडालेले राहते. वाहिनी रिकामी झाली की ते पाणी उलटे आत जाते आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याकडे निघते. दुसरी गोष्ट म्हणजे नळाला थेट लावलेली मोटार. मोटार पाणी ओढते तेव्हा वाहिनीतला दाब चालू पाण्यातही खाली जातो आणि गळक्या सांध्यांतून गटार ओढले जाते. ज्याची मोटार मोठी त्याला पाणी जास्त मिळते हे खरे, पण घाणही त्यालाच जास्त मिळते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाड येथे शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी दिले जाऊ लागले, बाकी शहरात पूर्वीसारखेच काही दिवसांआड येत होते. २०१० व २०११ साली संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांचे पाणी तपासले. केंद्रात शुद्ध होणारे पाणी सारखेच होते. मात्र अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात शंभरातील सुमारे ३२ नमुन्यांत विष्ठेतून येणारा ‘ई. कोलाय’ हा जंतू सापडला. चोवीस तास पाण्याच्या भागात हे प्रमाण शंभरात एकही भरत नव्हते. सर्वांत घाण पाणी कोणते निघाले? चावी सोडल्यानंतरचे अगदी पहिले पाणी, आणि दाब कमी असतानाचे पाणी.

आता आपल्या घरची रीत आठवून पाहा. नळ आला की गृहिणी आधी पिण्याचे पाणी भरते आणि मग वापरायचे. पाणी मधेच गेले तर पिण्याला तरी असावे, हा विचार त्यामागे असतो आणि तो चुकीचा नाही. पण आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांचे पाणी धुण्याभांड्याच्या टाकीत, संडासाच्या बादलीत, झाडांना जाऊ द्यावे. धार स्वच्छ झाली, जोर आला की मग पिण्याचा हंडा लावावा. याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. फक्त सवय बदलावी लागते, आणि घाईच्या वेळी ती बदलणे सोपे नसते हेही खरे.

क्लोरिनविषयी लोकांची तक्रार असते, की पाण्याला औषधाचा वास येतो. हलका वास येत असेल तर तक्रार करू नये, उलट निश्चिंत व्हावे. पाण्यात घातलेला क्लोरिन आधी तिथल्या घाणीवर खर्च होतो. घाण संपून तो थोडा उरला, तर तो वाटेत शिरणाऱ्या जंतूंवरही काम करतो. पंगत उठल्यावर पातेल्यात थोडा भात उरला तर कोणी उपाशी उठले नाही असे आपण समजतो, तसेच हे आहे. पातेले खरवडलेले दिसले की शंका घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असला पाहिजे. हा उरलेला क्लोरिन ‘ओटी’ नावाच्या द्रावणाने तपासतात. पाण्यात थेंब टाकताच पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, रंग न आल्यास नाही. (या तपासणीचे पाणी ओतून द्यावे, ते पिण्याचे नव्हे.) तपासणी कोठे होते याला मात्र फार महत्त्व आहे. टाकीखालच्या पहिल्या नळाला पिवळा रंग येणारच. तपासायला हवा तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा, गावाबाहेरच्या वस्तीतला नळ.

कधी कधी नळाचे पाणी दुधासारखे पांढरे येते आणि लोक ते पावडर जास्त झाली म्हणून टाकून देतात. पेल्यात दोन मिनिटे ठेवून पाहावे. खालून वर निवळत गेले तर ते नुसते हवेचे बुडबुडे होत. उलट गढूळ पाणी, माती तळाशी बसणारे, हे खरे धोक्याचे. मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरिन पोचत नाही.

आता काविळीकडे वळू, कारण नळाच्या पाण्यातला सर्वांत मोठा धोका तिचा आहे. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे दोन विषाणू आहेत, ‘ए’ आणि ‘ई’. मोठ्या माणसांत साथ आली तर ती बहुधा ‘ई’ची असते. दिल्लीत १९५५च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे मैलामिश्रित पाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे मागे सरकले. केंद्रातील अधिकाऱ्यांनी क्लोरिन वाढवला, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. पण विषाणू त्यातून निसटला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्त पुढे अनेक वर्षांनी तपासले गेले आणि ती ‘ए’ नव्हे, तर आज आपण जिला ‘ई’ म्हणतो ती कावीळ होती असे निष्पन्न झाले. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२च्या उन्हाळ्यात काविळीच्या साथीने हजारो लोक आजारी पडले होते. तेव्हा क्लोरिन भरपूर आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. पाण्यात मैला मिसळूच नये, हे पहिले काम.

या काविळीत एक फसवी गोष्ट आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. म्हणजे आज गल्लीत चार जणांना कावीळ दिसली तर दोष आजच्या पाण्याचा नाही, महिन्या-सव्वा महिन्यापूर्वीच्या पाण्याचा आहे. तोवर गळती बुजलेली असते, रस्ता खडी टाकून सारखा केलेला असतो आणि आज घेतलेला नमुना शुद्ध निघतो. म्हणूनच गढूळ किंवा वासाचे पाणी आले की त्याच दिवशी लेखी तक्रार करून तारीख नोंदवून ठेवावी. पुढे साथीचे मूळ शोधताना त्या कागदाचा उपयोग होतो.

निरोगी माणसाची ‘ई’ कावीळ विश्रांतीने आणि साध्या पौष्टिक आहाराने बहुधा आपोआप बरी होते. कावीळ उतरवणारे आणि माळ घालणारे यांचे नाव यावरच चालते. परंतु गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ झाली तर गोष्ट निराळी आहे. अशा शंभर स्त्रियांतील वीस ते पंचवीस दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपली रीत पाहा. सातवा महिना लागला की पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरी येते. ज्या गावात नळ दोन दिवसांआड येतो त्याच गावात, नेमक्या त्याच तीन महिन्यांत. तिच्यासाठी डिंकाचे लाडू करण्याआधी तिच्या पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय करावी. तिचे पाणी ती येईल त्या दिवसापासून उकळलेलेच असावे, साथ आली असो वा नसो. ‘तिने काविळीची लस घेतली आहे’ असे काही जण सांगतात. ती लस ‘बी’ काविळीची असते. ‘बी’ रक्तातून पसरते, तिचा आणि पाण्याच्या काविळीचा संबंध नाही. गरोदरपणात भूक मेली, सतत मळमळू लागले, लघवी गर्द पिवळी झाली तर माळ-उताऱ्यात एक दिवसही न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

पाणी उकळण्याविषयी मतभेद फार. कोणी वीस मिनिटे सांगतो, कोणी अर्धा तास, आणि गॅसच्या भावाने माणूस तेवढ्यावरच तो नाद सोडून देतो. खळखळ उकळी फुटली, ती एक-दोन मिनिटे टिकली की पुरे. ‘गरम करणे’ म्हणजे उकळणे नव्हे, हे मात्र लक्षात असू द्यावे. पाणी त्याच भांड्यात झाकून गार करावे. ते दुसऱ्या भांड्यात ओतले आणि ते भांडे नळाच्या पाण्याने विसळलेले असले, तर सारे मुसळ केरात.

तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्याचेही तेच, पण ते अगदीच निरुपयोगी नाही. बांगलादेशात जुनी सुती साडी चौपदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे फडक्यात अडकतात. काविळीचा विषाणू मात्र कोणत्याच फडक्यात अडकत नाही. तेव्हा आधी गाळावे, मग उकळावे किंवा क्लोरिनची गोळी टाकावी. गोळी किती लिटरला हे पाकिटावर लिहिलेले असते, तेच प्रमाण धरावे आणि अर्धा तास थांबूनच पाणी प्यावे. लग्नकार्यातल्या गार जारविषयी एवढेच सांगतो, की थंड असणे म्हणजे शुद्ध असणे नव्हे. ते पाणी कोठे भरले आणि जार कशाने धुतला, हे विचारायची कोणाला सवयच नाही.

‘शिळे पाणी’ म्हणून कालचे भरलेले हंडे ओतून देण्याची पद्धत आहे. पाणी रात्रीत शिळे होत नाही. ते बिघडते ते पेला धरलेल्या हाताने, बोटे बुडवल्याने. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ वापरला, वर झाकण ठेवले तर कालचे पाणी आजच्या पहिल्या धारेपेक्षा नक्कीच चांगले असते.

यापुढचे काम एकट्यादुकट्याच्या हातचे नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. म्हणजे लहान गावाला हे जमतच नाही असे नाही. सर्व गावांना ते लगेच शक्य नसले तरी गटारातून गेलेल्या नळजोडण्या वर उचलून घेणे, खड्ड्यातल्या नळांना तोट्या बसवणे, थेट मोटारी बंद करणे, इतके प्रत्येक प्रभागात करता येते. वर्षातून दोनदा टाकी धुऊन तिच्यावर धुतल्याची तारीख रंगवावी. पुढच्या वेळी टाकीजवळून जाताना ती तारीख पाहा. ती दिसली नाही किंवा दोन वर्षांपूर्वीची असली, तर आपल्या नगरसेवकाला विचारा. शेवटच्या टोकाच्या नळाचा ओटीचा निकाल कोणत्या वहीत लिहिला जातो, हेही त्याच वेळी विचारून घ्या.