कान ऐकतो, अर्थ मेंदू लावतो



काही वर्षांपूर्वी आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे. हाक मारली तरी ओ देत नसे. शुद्धलेखनात 'सात' सांगावे, तर तो 'हात' लिही. 'लक्ष नसते' म्हणून आम्ही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. पुढे तपासणीत कळले की, त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. चूक आमची होती. म्हणून आजचा हा पाठ.

आवाजाने कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन हाडे हलतात आणि ती हालचाल शंखासारख्या वळलेल्या नळीत पोहोचते. तेथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या हालचालीचा विद्युत संदेश करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. (वडगाव-शहापूरच्या मागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) संदेश मज्जातंतूने मेंदूकडे जातो, अर्थ तेथे लागतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण त्यात आपलीच अक्षरे आहेत. हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे ओळखत. वर्षाची होईपर्यंत ती ओळख मावळे. हिंदी घरातील बाळांची मात्र टिकून राही. जे कानी पडते, तेच मेंदू जपतो. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. तेव्हा उत्तरेकडच्या सोबत्यांना आमचा 'ळ' हा 'ल'च वाटे आणि आम्ही हसत असू. सीमाभागातल्या मुलाला तो मराठीतही मिळतो, कन्नडातही.

पण कानी काहीच पडले नाही तर? अनु शर्मा व सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, जन्मतः कर्णबधिर मुलाला साधारण साडेतीन वर्षांच्या आत कानात बसवायचे यंत्र मिळाले, तर मेंदूचा प्रतिसाद वयाला साजेसा होऊ शकतो. सात वर्षांनंतर तो बहुधा होत नाही.

असे संशोधन एकट्याचे काम नव्हे. आपल्याच राज्यात म्हैसूरला १९६६ पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, म्हैसूर विद्यापीठाशी संलग्न. कानाचे डॉक्टर, श्रवणतज्ज्ञ, भाषेचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ, इलेक्ट्रॉनिक्सची माणसे तेथे एकाच आवारात काम करतात. बोलू न शकणाऱ्या बाळाचीही तपासणी होते. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून कानात टिक-टिक सोडतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात उठणारे श्रवणमार्गाचे तरंग नोंदवतात. याला 'बेरा' म्हणतात. दुखत मुळीच नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात आहे. पण तपासणीसाठी आधी जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले तरी चालते.

तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकत नसेल किंवा वर्षाचे मूल मागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, तर 'बोलेल हळूहळू, त्याचे बाबाही उशिराच बोलले' असे म्हणत थांबू नये.

यंदा पहिलीच्या बाई वहीने तोंड झाकून हळू आवाजात एकेकाचे नाव घेणार आहेत. ही काही खरी तपासणी नव्हे. जो ओ देणार नाही, त्याच्यावर ओरडायचे नाही. त्याच दिवशी घरी चिठ्ठी द्यायची, असे ठरले आहे.