मुरब्बा टिकतो, मग खिमा का टिकत नाही?

सलमा सुटीत मालेगावला खालाकडे गेली होती. खालाचा कैरीचा मुरब्बा साऱ्या मोहल्ल्यात प्रसिद्ध होता. तो वर्षभर टिकत असे. लोक आवडीने विकत नेत. या वर्षी खालाने नवा बेत केला. तिने खिमा शिजवून काचेच्या वीस बाटल्यांत भरला. झाकणे घट्ट लावली आणि बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवल्या. चार दिवसांनी त्या दुकानात पाठवायच्या होत्या.

त्याच दिवशी सलमाचे मामू आले. ते अन्न तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत. बाटल्या पाहून ते गंभीर झाले.

"आपा, या बाटल्या विकू नका," ते म्हणाले.

"का रे? चांगल्या उकळल्या आहेत. एकही जंतू जिवंत राहिला नसेल," खाला म्हणाली.

"जंतू मेले, पण त्यांचे बीजाणू मेले नाहीत. काही जंतू संकटात कठीण कवचाचे रूप घेतात. त्यालाच बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्याची उष्णता १०० अंश सेल्सिअस असते. बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू तेवढ्या उष्णतेत तासन्तास टिकू शकतात. बंद बाटलीत हवा नसते. अशाच जागी हा जंतू वाढतो आणि भयंकर विष तयार करतो. कधी झाकण फुगते. कधी मात्र वास किंवा रंग काहीच बदलत नाही."

सलमाने विचारले, "मामू, मुरब्बाही चुलीवरच शिजतो. मग तो कसा टिकतो?"

"छान प्रश्न विचारलास! जंतूंना वाढायला पाणी लागते. मुरब्ब्यातही पाणी असते, पण साखर ते धरून ठेवते. पदार्थात जंतूंना मिळेल असे मोकळे पाणी किती, हे एका आकड्याने सांगतात. त्याला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ असते. खिम्याची जवळजवळ तेवढीच असते. मुरब्ब्याची मात्र सुमारे ०.८ असते. ०.९३ च्या खाली बोट्युलिनम वाढत नाही. शिवाय कैरीचा आंबटपणाही त्याला रोखतो."

"म्हणूनच खाला बरणीत ओला चमचा घालू देत नाही!" सलमा म्हणाली.

"अगदी बरोबर! मोकळे पाणी वाढले की बुरशी येते."

खाला म्हणाली, "मग यातली एक बाटली तपासून आण. ती चांगली निघाली, तर बाकीच्या विकते."

मामूंनी मान हलवली. "आम्ही बंद डबे काही दिवस उबदार कपाटात ठेवतो. ते फुगतात का, ते पाहतो. मग उघडून आत जंतू आहेत का, ते तपासतो. पण एक बाटली चांगली निघाली, म्हणून उरलेल्या एकोणीस चांगल्या ठरत नाहीत. म्हणून कारखान्यात आधी उष्णता मोजतात. दाबाखालच्या वाफेने सुमारे १२१ अंश उष्णता देतात. ती डब्याच्या मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे. किती मिनिटे द्यायची, हे प्रत्येक पदार्थासाठी मोजून ठरवतात, अंदाजाने नाही. तपासणी त्यानंतरची."

खाला गप्प झाली. त्या बाटल्यांत तिची महिन्याची बचत होती. थोड्या वेळाने ती उठली.

"सलमा, कुदळ आण. लोक माझ्या हातावर विश्वास ठेवून विकत घेतात. तो विश्वास विकायचा नाही."

तिघांनी अंगणात खोल खड्डा खणला आणि बाटल्या न उघडताच पुरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खाला बाजारातून टोपलीभर कैऱ्या घेऊन आली.

शब्दार्थ
बेत – योजना
उबदार – किंचित गरम
बुरशी – शिळ्या अन्नावर येणारी पांढरी-हिरवी वाढ

स्वाध्याय
१. खिम्याच्या बाटल्या उकळूनही धोकादायक का होत्या?
२. मुरब्बा टिकण्याची दोन कारणे लिहा.
३. एकच बाटली तपासणे पुरेसे का नाही?
४. तुमच्या घरी वर्षभर टिकणारे पदार्थ कोणते? ते का टिकतात, हे घरातील मोठ्यांना विचारून लिहा.