लाल दिवा लागला म्हणजे चार्जिंग झालं असं नसतं

डहाणू-तलासरीकडे रात्री टॉर्चशिवाय कुणी अंगणातही उतरत नाही. शेतीपंपाची लाईट पाळीने रात्रीची येते, मोटर लावायला वाडीत जावंच लागतं आणि चिकूच्या वाळल्या पाल्यात पडलेली घोणस उजेडाशिवाय दिसत नाही. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक ऐन थंडीत घराबाहेर झोपत होते. तेव्हापासून तर प्रत्येकाच्या उशाशी टॉर्च असते. असली वस्तू दुरुस्त करून देणाऱ्याने काम नीट करावं एवढीच अपेक्षा होती.

आमची टॉर्च भिंतीतल्या प्लगला थेट लावायची, तीच ती, मागून दोन पिना बाहेर येणारी. आत चार व्होल्टची ॲसिडची बॅटरी. या बॅटऱ्या पावसाळाभर वापराविना पडल्या की बसतात, परत उठत नाहीत. मी माहेरी गेले असताना मामंजींनी ती तलासरीच्या एका दुकानात दिली. दुकानदार म्हणाला, ‘लिथियम टाकून देतो, दुप्पट चालेल.’ चाललीही. उजेड पांढराशुभ्र, वजन निम्मं. मामंजी खूश. रोज रात्री जेवण झालं की टॉर्च प्लगला, हा त्यांचा नेम.

मग एका पहाटे त्यांच्या खोलीतून सूंऽऽ असा आवाज आला आणि नेलपॉलिशसारखा गोडसर, डोक्यात जाणारा वास. प्लास्टिक मऊ होऊन वाकलं होतं, मागचं झाकण उडून कपाटाखाली गेलं होतं. मामंजींची मच्छरदाणी तिथून दोन हातांवर. नशीब, एवढंच म्हणते.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. सकाळी टॉर्च उघडली. सेलवर निळं वेष्टन, त्यावर ९८०० एमएएच. या मापाच्या, म्हणजे १८६५० सेलमध्ये बहुतेक चांगल्या कंपन्याही साधारण ३५०० एमएएचच्या वर जात नाहीत. वेष्टन नखाने सोललं तर खाली दुसरंच, गुलाबी वेष्टन आणि दोन्ही टोकांना उपटलेल्या पट्ट्यांचे वेल्डिंगचे ठिपके. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतून काढलेला सेल, नवे कपडे घालून विकलेला.

पण खरा राग आला तो पुढे. जुनी चार्जिंगची पट्टी जशीच्या तशी होती. १०५ आकडा छापलेला पिवळा चौकोनी कपॅसिटर, चार डायोड, एक लाल एलईडी. बस्स. ही पट्टी २३० व्होल्टमधून साठ-सत्तर मिलिॲम्पिअर करंट झिरपवत राहते. सेल भरला का, हे बघणारं तिच्यात काहीच नसतं. ॲसिडची बॅटरी एवढ्याशा करंटने जास्त चार्ज झाली तरी हळूहळू सुकते, मरते, पण सहसा फुटत नाही. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो. त्यापुढे रेटत राहिलं की आत गॅस होतो, सेल तापतो आणि एक दिवस तोंड फाडतो. आणि तो लाल दिवा? प्लगमध्ये लाईट आहे एवढंच तो सांगतो. सेल रिकामा असो वा फुटायच्या बेतात, तो तसाच हसत असतो.

शेजारच्या वाडीतही त्याच दुकानातून तशीच करून आणलेली टॉर्च होती. ‘आमची झकास चालते’ म्हणत त्यांनी दिली. प्लगमधून काढून उघडली, मीटर लावला. ४.५२. मी मीटरचे सेल बदलून पुन्हा बघितलं. ४.५२.

दोन्ही टॉर्च घेऊन दुकानात गेले. आधी म्हणाला, ‘ताई, रात्रभर लावलीच कशाला?’ मग, ‘तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, त्याला मी काय करू?’ मीटरवरचा आकडा दाखवला तर, ‘तुम्ही शिकला असाल, आम्ही वीस वर्षं धंदा करतोय.’ बाजूच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसलाही. बिल मागितलं तर म्हणे, दुरुस्तीचं बिल कोण देतं? पैसे परत नाहीत, माफी नाही. माझ्यासमोरच पुढच्या टॉर्चमध्ये निळ्या वेष्टनाचा सेल डकवत होता. चार्जिंगची पट्टी तीच.

तेव्हा आता ऐका. ॲसिड काढून लिथियम घालायचं असेल, तर जुनी पट्टी आणि २३० व्होल्टच्या पिना दोन्ही मुळासकट काढा. त्या जागी टीपी४०५६ हे छोटं मॉड्युल बसवा. चहा-वड्याच्या पैशांत मिळतं, मोबाईलच्या चार्जरवर चालतं आणि ४.२ला थांबतं. घेताना प्रोटेक्शनवालंच घ्या. त्याच्यावर ‘बी’चे दोन आणि ‘आउट’चे दोन टाके वेगळे असतात. सेल ‘बी’ला, टॉर्चचा एलईडी ‘आउट’ला. अनेक जण दोन्ही वायरी ‘बी’लाच जोडतात. मग सेल पार तळाला जाईपर्यंत टॉर्च चालते आणि सेल कायमचा खराब होतो. हे मॉड्युल एक ॲम्पिअर देतं. सेल लहान असेल तर त्याचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, करंट ६०० मिलिॲम्पिअरच्या आत येतो. लिथियममधलाच फॉस्फेटवाला ३.२ व्होल्टचा सेल जास्त शांत, पण त्याला ३.६५ला थांबणारा वेगळा चार्जर लागतो. हे मॉड्युल त्याला चालत नाही.

सेल तळहातावर तोलून बघा. खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅमचा. पिसासारखा हलका लागला तर परत द्या.

सोल्डरिंग येत नसेल तर तीन पेन्सिल सेलवाली टॉर्च घ्या आणि तिच्यात १.२ व्होल्टचे निकेलचे रिचार्जेबल सेल घाला. तिन्ही मिळून ३.६ होतात, पांढऱ्या एलईडीला पुरतात. वायर कापायची नाही, काही नाही. बोर्डी-घोलवडसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. तो खरवडा आणि व्हॅसलीनचं बोट फिरवा. निम्म्या ‘बिघडलेल्या’ टॉर्च एवढ्यानेच लागतात. दुकानदार त्याचेही पैसे घेतात, हे वेगळं सांगायला नको.

पिनांची टॉर्च चार्जिंगला असताना चालू करू नका, तिला हातही लावू नका, कारण तिच्या आतल्या वायरी थेट मेनलाईटवर असतात. गादीवर, लाकडी फळीवर काहीही चार्ज करू नका. लहान मुलांपासून दूर ठेवा. विश्वासू दुकानातून घ्या, बिल घ्या. हे सगळेच सांगतात, मीही सांगते. फुगलेला सेल कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका, जुनी ॲसिडची बॅटरीही वाडीत पुरू नका. तिच्यात शिसं असतं.

आणि घरी अशी ‘लिथियम टाकून दिलेली’ टॉर्च असेल, तर आज रात्री प्लगला लावू नका. आधी मागचे चार स्क्रू काढून बघा. पिवळा कपॅसिटर तसाच दिसला, तर ती टॉर्च दुरुस्त झालेलीच नाही. जिथे दिली होती तिथे परत न्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर उघडून दाखवा.